अंगाईची पहिली अक्षरं

संगणक दुरुस्तीच्या दुकानात माझ्यापुढे दोघी मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मांडीवर बॅकअपचा डबा, म्हणजे पासवर्ड लावलेली हार्ड डिस्क होती.

“आई, बाबांनी घरातले सगळे फोटो यातच ठेवलेत. पासवर्ड मिळाला नाही, तर सगळं पुसावं लागेल.”

“लिहून ठेवलाय म्हणायचे.”

“ठेवलाय ना. याच डब्यात.”

“धन्य तुझे बाबा.”

“पासवर्ड टाकताना ते काय गुणगुणायचे गं?”

“तुझी अंगाई. त्यांनीच रचलेली. ठेक्यात एकेका शब्दाचं पहिलं अक्षर दाबायचे.”

“मग म्हण ना.”

“इथं? लोक काय म्हणतील?”

“हळू म्हण.”

आईनं डोळे मिटून आवाज लावला. अंगाई संपल्यावर तिनं डोळे उघडले.

“घेतलीस अक्षरं लिहून?”

“नाही गं. पुन्हा एकदा म्हण.”