वाइनोची हलकी काडतुसं

— नाही नाही, रायफलीला हात नको लावूस, लाल झेंडा वर आहे ना अजून. वाइनो खाली नेमाचा कागद बदलायला गेलाय. माझा नवरा. तो बघ, नारिंगी टोपीवाला. शंभर पावलं जायला त्याला दहा मिनिटं लागतात, यायला बारा, आणि मध्ये कागदासमोर उभा राहून भोकं बघत बसेल ते वेगळंच. तोवर बस इथे बाकड्यावर. आधी ती भुवई पूस, रक्त ओघळतंय. धक्क्यानं रायफलीवरची दुर्बीण लागली ना? लागणारच होती. तू ती तोफ गाडीतून काढलीस तेव्हाच मी मनात म्हटलं, या पोराचं आज काही खरं नाही. कशासाठी आणलीस? हरणासाठी? आपल्या साध्या पांढऱ्या शेपटीच्या हरणासाठी? अरे बाळा, तेवढ्यानं तर गवा आडवा होईल. दुकानदारानं गळ्यात मारली असेल. तू पुलापलीकडचा, दक्षिणेकडचा ना — मग मारलीच. घे, हा वेलदोड्याचा पाव खा, थर्मासमध्ये कॉफी आहे. भ्यालास ना? लाजू नकोस. भ्यालेल्या माणसांबद्दल मला जेवढं कळतं तेवढं या अख्ख्या चांदमारीवर कुणाला कळत नाही.

मी म्हणजे इर्या. एकतीस वर्षं गावातल्या औषधाच्या दुकानात पुड्या बांधल्या, बारीक तराजूवर तोलून तोलून. म्हणून आमच्या घरात काडतुसं मी भरते. हसतोस काय, खरंच मीच भरते. आधी दीर भरायचा, उर्हो, तो गेला आणि त्याचा सगळा संसार आमच्या तळघरात आला — दाब द्यायचं यंत्र, रिकाम्या पितळी पुंगळ्या, डबे. दारू मोजायची, पुंगळीत ओतायची, वर गोळी बसवायची. काडतुसं भरायच्या पुस्तकात लिहिलंय त्याच्या बाहेर मात्र जायचं नाही, खाली नाही आणि वर तर नाहीच नाही. औषधासारखंच आहे रे. आणि औषधात कसं, जास्त दिलं म्हणून कुणी लवकर बरं होत नाही.

आज किनई मी फार खुशीत आहे, म्हणून अशी सुटलेय. एरवीही बोलतेच म्हणा. पण आज विशेष आहे. मंगळवारी वाइनो माझ्याशी बोलला. आपणहून. ऑक्टोबरात. तुला यात काय मोठं ते कळायचं नाही, थांब, नीट सांगते.

आमचा वाइनो मुलखाचा घुमा. वाईट नाही, कधी आवाज चढवला नाही, पण चढवायला आधी आवाज काढावा लागतो ना. वर्षाचे पन्नास आठवडे हूं आणि अंहं. मग नोव्हेंबर येतो, दोन आठवडे तो जंगलातल्या झोपडीत जातो, आणि हरीण घेऊन परत आला की सौना, आमची वाफेच्या आंघोळीची खोली, तापवतो, आणि आंघोळ झाल्यावर लालबुंद होऊन स्वयंपाकघरात बसतो आणि बोलतो. काय बोलतो म्हणून सांगू — वारा कुठून होता, बर्फात पावलं कशी उमटली होती, खार कशी मचाणावर चढून त्याच्या बुटावर बसली, लहानपणी त्याची आई कशी गाणं म्हणायची. तीन-तीन तास. मी फक्त मांस कापते आणि ऐकते. मी, कळलं का, मी गप्प. त्या एका संध्याकाळवर मी वर्ष काढायचे. लग्नच मुळी तसल्याच एका संध्याकाळी ठरलं.

आणि दहा वर्षांपूर्वी त्यानं एक नर जखमी केला. पोटात लागली गोळी. दोन दिवस वाइनो तिथल्या दलदलीत त्याच्या मागे फिरला, गुडघाभर पाण्यात, तिसऱ्या दिवशी सापडला तेव्हा कोल्ह्यांनी सुरुवात केली होती — आणि तो अजून जिवंत होता. वाइनो घरी आला, रायफल खिळ्याला टांगली, म्हणाला, “बस.” तेवढंच. सौना नाही, काही नाही. पुढचा नोव्हेंबर आला, गेला. त्या हिवाळ्यात आमच्या घरात घड्याळ नको इतकं ऐकू यायचं. मी दुकानात जाऊन गिऱ्हाइकांशी बोलायचे, टपालवाल्याला दारात धरून ठेवायचे. खोकल्याचं औषध न्यायला आलेल्या माणसाला मी माझ्या बहिणीच्या बाळंतपणाची सगळी हकीकत सांगितली होती, बिचारा खोकायचं विसरला. आणि एप्रिलात मी बॅग भरली. डुलुथला बहीण आहे, तिच्याकडे. परत न येण्यासाठीच भरली होती, हिवाळी कोट, आईचा फोटो, सगळं — हे वाइनोला माहीत नाहीये. तुलाही सांगायचं नव्हतं. पाव घे अजून.

तर बस गुरुवारची होती. आणि बुधवारी वाइनोनं रायफल खाली काढली. विकायची होती त्याला. वडलांची होती ती, जुनी तीस-सहा, मोठ्या काडतुसाची, लाथ अशी मारते की दाढ हलते, चौदाव्या वर्षी त्याच्या हातात दिली होती. मी म्हटलं, विकायच्या आधी तपासून तर घेऊ, घेणाऱ्याला काय सांगशील. इथेच आलो, त्या तिसऱ्या बाकड्यावर. मला एक शंका होती, म्हणून त्याला न सांगता पाच काडतुसांत मी एक पोकळ घातलं होतं — आत दारूच नाही. तिसरी पाळी त्या पोकळाची आली. वाइनोनं चाप ओढला, नुसतं टक् झालं, आणि नळी अशी वीतभर खाली गेली. आपोआप. आणि त्याचे डोळे गच्च मिटलेले. धक्का आलाच नव्हता, आणि हा माणूस धक्का खाऊन मोकळा झाला होता.

सत्तेचाळीस वर्षं रे. सत्तेचाळीस वर्षं हा माणूस दर वेळी घाबरून डोळे मिटत होता, आणि ज्याला मी घुमा म्हणत होते तो सांगायचं कसं ते न कळून गप्प होता. बापाला कसं सांगायचं, भावाला कसं सांगायचं. घरी आले आणि बॅग रिकामी केली.

मग लागले कामाला. त्याच रायफलीसाठी हलकी गोळी घेतली, कमी वेगातही लागल्यावर आत नीट फुलणारी, पुस्तकातलं सगळ्यात सौम्य माप धरलं, आणि वाइनोला म्हटलं उर्होची जुनी काडतुसं डब्यात सापडली बघ, वाया कशाला घालवायची. हलकी भरली की गोळी लवकर खाली येते, लांबचा नेम चालत नाही — म्हणून सप्टेंबरात बहिणीच्या मुलाला घेऊन मचाणच पायवाटेजवळ सरकवलं. दुर्बीण त्याच्या नकळत जुळवून घेतली, तो मासे पकडायला गेला असताना. वाइनोला वाटलं, वादळानं झाड पडलं म्हणून मचाण हललं असेल. असं मला वाटलं, की त्याला वाटलं. त्या नोव्हेंबरात एका गोळीत एक नर, जागच्या जागी. सौना तापला. तीन तास बोलला. मी कांदा कापत होते म्हणून बरं.

आठ वर्षं चाललं हे. आठ वर्षं मी उर्होचा डबा रिकामा होऊ दिला नाही, देवाच्या परडीसारखा. आणि या मंगळवारी नाश्त्याला बसला, काडतूस टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, “इर्या, यंदा अजून थोडी हलकी करशील? खांदा दुखतो.” मी विचारलं, तुला कधीपासून माहीत आहे. तर म्हणतो, “पहिल्या दिवसापासून. उर्हो कधी नीट मोजायचाच नाही.” मग म्हटलं, मेल्या, आठ वर्षं बोलला का नाहीस. तर कॉफीत बघत म्हणाला, “तू लपवताना इतकी खूश दिसायचीस.” माझ्या नाकातून कॉफी आली. शप्पथ. दोघंही हसत बसलो, कुत्रा घाबरून भुंकायला लागला.

पण जुन्या रायफलीला याहून हलकं भरणं पुस्तकात नाही. म्हणून ती भिंतीवर, आणि ही नवीन. दोन दिवस आम्ही जोडीनं दुकानं पालथी घातली, कॉलेजातली पोरं फिरतात तशी. एक काडतूस अगदीच लहान होतं, लहान मुलांना शिकवायला देतात ते, धक्का नाहीच, पण इकडचे नर थोराड, थोडा नेम हलला तर पुन्हा तीच दलदल. हे सात मिलिमीटरचं मधलं आहे. खांद्याला नुसतं ढकलतं, बैल शेपूट मारतो तसं. काल रात्री जेवणाआधीच पाच प्रकारची भरली, दर खेपेला चिमूटभर फरक, प्रत्येकी सहा — तीन मारायची, तीन राखून. दारू मी मोजली, गोळ्या त्यानं बसवल्या. सकाळपासून मारतोय. जोरकस होती ती कागदभर विखुरली — बघ, हा कागद, जणू कोंबडी नाचलीय. आणि सौम्यांपैकी दुसऱ्या प्रकारची तीन भोकं हा अंगठा ठेवला तर झाकतात. तीच पुन्हा मारून बघितली आत्ता, खात्री करायला. त्याचाच कागद आणायला गेलाय. आणि शेवटची मारताना मी त्याच्या बाजूला उभी राहून फक्त त्याचा चेहरा बघत होते. डोळे उघडे होते, बाळा. सताड.

तू त्या तोफेचं काय करायचं ते तुझं तू बघ. पण दुकानदाराला भुवई दाखव आणि परत दे. भीती वाटते म्हणून सांग त्याला, स्पष्ट सांग, सत्तेचाळीस वर्षं थांबू नकोस. — आला बघ. किती भरभर येतोय, कधी नव्हे ते. कागद हातात वर धरलाय. अरे, तो काहीतरी सांगतोय, तिकडूनच — सरक, सरक जरा, ऐकू दे मला.