भिंतीवरचा तुकडा

—नाही हो बाई, ते चुंबक आधी बाजूला ठेवा. इथे ठेवा, ह्या टेबलावर, काही कुणी नेत नाही. हल्ली जो येतो तो चुंबक घेऊन येतो — आणि तुमचं तर चक्क फ्रीजवरचं दिसतंय, स्ट्रॉबेरी, महाबळेश्वरची — पान पण तुटलंय बिचारीचं. घरातलं कुणी ओरडलं नाही का काढून आणलंत म्हणून? कुणी नसतं? बरं. बसा. त्या स्टुलावर नको, त्याचा पाय हलतो, ह्या खुर्चीत बसा. एक वाजता मी शटर ओढतो, त्याला अजून अर्धा-पाऊण तास आहे, आणि चोवीस वर्षांत हेडर घ्यायला स्वतः आलेल्या तुम्ही पहिल्या बाई, तेव्हा नीट सांगतो. पोरं येतात ती नेटवर वाचून येतात, त्यांना काही सांगायची सोयच नसते, तीच मला शिकवतात. तुम्ही आल्या आल्या म्हणालात, मला ह्यातलं काही कळत नाही — हे फार बरं केलंत.

भाच्याच्या गाडीला, नाही का? हिंजवडीला असेल. असणारच, बिबवेवाडीपासून सदाशिव पेठेपर्यंत सगळ्यांचे भाचे आता तिकडेच असतात, आणि सगळ्यांना पहिल्या पगारात गाडी लागते अन् दुसऱ्या पगारात तिचं पोट फाडून काहीतरी नवं घालायचं असतं. मी तक्रार करत नाही, माझं पोट त्यावरच चाललंय. पूर्वी इथे रिक्षांचे सायलेन्सर जोडत बसायचो. तर हेडर म्हणजे काय — इंजिनाला चार तोंडं, चारही आग ओकतात, ती आग चार नळ्यांतून न्यायची आणि पुढे एका नळीत सोडायची. बास. एवढंच. कंपनी तिथे बिडाचा ठोकळा लावून देते, जड, ओबडधोबड, गाडीचा दम कोंडतो त्यात, पण फुटत नाही. पोरांना तो नको असतो. हलकं पाहिजे, चकचकीत पाहिजे, आवाज पाहिजे. करून देतो की. पण एक ध्यानात ठेवा — मागे सायलेन्सरला भोक पडलं तर नुसता आवाज होतो, फार तर पोलिस पावती फाडतो. इथे पुढे, इंजिनाशी, हेडरला चीर गेली तर तो धूर गाडीत शिरतो, कारण गाडी आतली हवा तिथूनच ओढते, पुढच्या काचेखालून. आणि त्यातलं जे खरं विष, त्याला रंग नाही की वास नाही. म्हणून हेडर निवडताना मी प्रत्येकाला विचारतो, आत कोण बसणार आहे? विचारतो म्हणजे — आता विचारतो.

हं, धातू. धातूचं विचारत होतात. चार-पाच प्रकार आहेत, एकेक हातात देतो, वजन बघा. हे साधं लोखंड. स्वस्त, वेल्डिंग झकास बसतं, पण दोन पावसाळ्यांत गंजून पापुद्रे सुटतात. पोरं त्यावर ती पांढरी पट्टी गुंडाळतात, उष्णता आत राहावी म्हणून — ती पट्टी पाणी धरते आणि आतून सगळं कुजतं, वरून काही दिसत नाही. नको. हे ४०९. स्टेनलेसचाच एक नंबर आहे तो, पण ह्याला चुंबक लागतं. लावा, लावून बघा. चिकटलं ना? आता गंमत ऐका. हे चांगलं, उष्णता सोसतं, मोठ्या कंपन्या स्वतः हेच वापरतात — आणि पोरं नाक मुरडतात! का, तर चुंबक चिकटलं! नेटवर कुणीतरी लिहून ठेवलंय, चुंबक चिकटलं तर माल खोटा, नाही चिकटलं तर ३०४. झालं. सगळ्या पुण्याने पाठ केलं. हे तुमचं ३०४. चुंबक सोडून देतं. आग लागली की आधी सोनेरी होतं, मग जांभळं, मग निळं, आणि तसंच राहतं वर्षानुवर्षं. दीड मिलीमीटर जाड घ्यायचं, आर्गॉन वेल्डिंगने जोडायचं, घाई करायची नाही. भाच्याला हेच घ्या.

पण तुम्ही आत्ता बरोबर प्रश्न विचारलात — शाळेत शिकवत होता का हो? वाटलंच. पोरं कधी विचारत नाहीत हे. चुंबक न लागणारं दुसरं काही असतं का? असतं ना! तीच तर मेख आहे. २०२. हे बघा, ३०४च्या शेजारी धरतो. सांगा कुठलं कुठलं. नाही सांगता येत. तशीच चकाकी, तसंच वजन, आणि चुंबक ह्यालाही लागत नाही. जिन्याच्या रेलिंगला, गेटला, देवळाच्या कठड्याला झकास. ह्या सगळ्या नव्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या ना, त्यांच्या जिन्याला हेच. मीही केलीत ती कामं, खराडीला एक सहा मजली जिना पूर्ण माझ्या हातचा आहे, साहेब लोक हात टेकवून चढतात. पण हेडरला? रोज तापायचं, रोज निवायचं, त्यात हे टिकत नाही. जोडाशीच तडकतं. केसासारखी चीर, दिसत पण नाही. चुंबकाला काय कळणार? चुंबक आंधळं. मला कळतं. ग्राइंडरला लावलं की ठिणगी बघून सांगतो, पाठ करून उभा राहिलो तर नुसत्या आवाजावरून सांगेन. ह्या रस्त्यावर दुसरा कुणी सांगून दाखवू दे.

विश्वास नाही बसत? थांबा. तो भिंतीवर खिळ्याला टांगलाय ना, जाळी धरलीय त्याला — तो काढतो. हं. घ्या हातात, काही लागणार नाही, धूळ आहे नुसती. हा माझा गुरू, बाई. नवीन नवीन असताना हौसेने २०२चा हेडर केला होता एका शर्यतीवाल्या पोराला. चार महिन्यांत असा झाला. नख फिरवा तिथे, जोडाच्या कडेला — लागली चीर? तेव्हाच कापून घेतला हा तुकडा आणि वर ऑइलपेंटने लिहून ठेवलं, माझंच अक्षर आहे, २०२, आणि खाली साल आणि चार महिने. विसरू नये म्हणून. तो पोरगा वाचला, उघड्या जीपला होता हेडर, वाराच इतका. असू दे, असू दे तुमच्याजवळ, बघा निवांत.

काय म्हणालात? बंद गाडी असती तर? —

तर काय. तर जे व्हायचं ते होतं. तुम्ही पेपरात वाचलं असेल, दोन वर्षांपूर्वीचं, जुलैतलं. सॉफ्टवेअरमधला मुलगा, वरंधा घाटात. महाडला मित्राकडे गेला होता, येताना दरड पडली, गाड्यांची रांग लागली. पाऊस असा की काच खाली करायची सोय नाही. तीन तास जागेवर, इंजिन चालू, एसी चालू. रस्ता मोकळा झाला तरी ह्याची गाडी हलेना, मागचे हॉर्न वाजवून दमले, मग एकाने जाऊन काचेवर टकटक केलं. स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपल्यासारखा. झोपेतच गेला म्हणतात. काही कळलं नसेल हो त्याला. मी तरी असंच समजतो, नाहीतर रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

माझा कसा संबंध? आता लपवायचं काय, सगळ्या बिबवेवाडीला ठाऊक आहे, हेडर मी केला होता. आमोद नाव त्याचं. पोलिस आले होते, ह्याच खुर्चीत बसून जबाब लिहून घेतला माझा, तुम्ही बसलात ना तिथेच. मी काय चोर आहे? मी सरळ सांगितलं, साहेब, मीही फसलो. पाइपवाल्याने ३०४ म्हणून दिला, मी चुंबक लावून तपासला, गिऱ्हाइकानेही माझ्यासमोर तपासला. चुंबकाला जे कळत नाही ते मला कसं कळणार? २०२ कशाशी खातात ते मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. साहेबांना पटलं. समजूतदार माणूस होता. भिंतीला टेकून सह्या घेतल्या, चहा घेतला, अपघाती मृत्यू म्हणून नोंद झाली आणि मिटलं. त्या मुलाच्या आईने म्हणे बरेच अर्ज केले. एकच विचारायची, त्या कारागिराला आधी माहीत होतं का? आता असं कुणाच्या मनातलं कसं कळणार, सांगा.

नाही, तो तुकडा कशाला उलटा करताय. साल? वर लिहिलंय की. अठ्ठ्याण्णव.

अठ्ठ्याण्णव म्हणजे — नाही, हे बघा बाई, ते वेगळं. तो अभ्यासाचा तुकडा आहे. माणूस विसरतो. दुकानात काय कमी पसारा आहे, भिंतीवर काय टांगलंय ते रोज कोण वाचतं? पोलिसांनी तरी वाचलं का? त्याच्या बरोब्बर खाली उभे होते. तुम्ही असं टक लावून बघू नका हो. शिक्षकांची सवय जात नाही. मला कळतं म्हणालो ते आता कळतं, तेव्हा — तेव्हा घाई होती. घाई त्याला होती, मला नव्हती. शनिवारी संध्याकाळी गाडी पाहिजेच म्हणाला. मी म्हटलं, ३०४चा पाइप मुंबईहून मंगळवारी येतोय, थांब. मी म्हटलं होतं थांब, हे कुणीच लिहून घेतलं नाही! तो थांबेना. कोपऱ्यात खराडीच्या जिन्याचे उरलेले पाइप उभे होते, तिकडे त्याचीच नजर गेली. काका, हा काय इथे आहे की पाइप, हा ३०४ ना? मी काय उत्तर दिलं? मी म्हणालो, चुंबक लावून बघा. शपथेवर सांगतो, एवढंच म्हणालो. हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही. खोटं बोललो का मी? सांगा ना. पाइपवाल्याचं नाव पोलिसांपुढे घेतलं ते नंतर, ते घाबरून. त्या मुलापुढे एक शब्द खोटा बोललो नाही मी. त्याचं त्याने ठरवलं. हसरा होता फार. खिशातून काढलं चुंबक, मोठ्या ऐटीत लावलं पाइपला, ते घसरलं आणि खाली फरशीवर पडलं. तो म्हणाला, बघा काका, नाही चिकटलं, म्हणजे पास! आणि मग खाली वाकला, उचललं, आणि म्हणाला, अरेरे, पान तुटलं, आता आई ओर —

बाई.

ते चुंबक... जरा इकडे द्या. नाही, राहू दे. राहू दे तिथेच.

तुम्ही भाचा म्हणालात. मी तुमचं नाव विचारलं नाही. विचारायला हवं होतं, आधी मी नाव विचारतो प्रत्येकाला, वहीत लिहितो. ओरडा हवं तर. मी कुणाला — मला वाटलं वर्षभर तरी टिकेल. तो म्हणालाच होता, वर्षभराने अमेरिकेला जाणार, गाडी विकणार. मी मनात म्हटलं, वर्षभर तर टिकेल. एवढं सोपं गणित होतं माझं. तीनच महिने झाले होते. त्याच्यापेक्षा तो जीपवाला जास्त — हे काय बोलतोय मी.

नाही, उठू नका अशा. ऐकून घ्या. मी ३०४चा नवा करून देतो, कुणालाही द्या, कुणाच्याही गाडीला — पैसे काय करायचेत मला आता. पिशवीत काय ठेवलंत? तो तुकडा माझा आहे, बाई. तो इथला आहे, भिंतीवरचा. तुम्हाला काय उपयोग त्याचा, गंजका आहे, त्यावर माझं अक्षर आहे नुसतं. तो ठेवा. मी हात धरणार नाही तुमचा, तेवढी लाज आहे मला, पण ठेवा तो. अहो, शटरला डोकं लागेल, वाकून.

झालं. एक वाजला. दुकान बंद आहे आता, कुणी आलं तर सांगा, बंद आहे.

अहो बाई — तुमचं चुंबक राहिलं.