आठव्या रंगावर सुधाकरभाऊ

वहिनी, लेकरंहो, मंडळी. सुधाकरभाऊंची शोकसभा हॉलमध्ये न घेता अकोल्याच्या या टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत काहून घेतली, ते शेवटी सांगतो. बोलणं जमून नाही राहिलं, सांभाळून घ्या.

मी या टोकाले, सुधाकरभाऊ दर्यापूरच्या टोकाले. मधात एकच तार. आमी नोकरीले लागलो तेव्हा तिच्यावरून बारा जणांचं बोलणं एकाच वेळी जाये. मी विचारलं, भाऊ, हे एकमेकांत मिसळत काहून नाही? म्हणाले, "अरे, हरेकाचा आवाज वेगळ्या पट्टीत चढवला हाय. मी चढवतो, तू तिकडं उतरव."

मंग केसाएवढी काचेची तार आली. पट्ट्यांच्या जागी उजेडाचे रंग आले. एका काचेतून आठ रंग. सात रंग लोकांचे, आठवा आमचा, कामावरच्या दोघांचा.

भाऊंचा एक नेम होता. खड्ड्यात उतरून तुटलेली काच जोडली की आठव्या रंगावर म्हणत, "लाइन साफ हाय. तू बोल, मंग मी सोडतो." मी "ऐकू आलं" म्हटल्याबिगर ते हलत नसत. एकदा मी चहाले गेलो, गप्पांत रमलो. तासाभरानं आलो तर भाऊ उन्हात, खड्ड्यात, रिसीव्हर कानाले लावून उभेच. "आलास?" म्हणाले. तेवढंच.

गेल्या मंगळवारी दर्यापूरच्या अलीकडं काच तुटली. दुपारी दोनले आठव्या रंगाचा हा फोन वाजला. "लाइन साफ हाय. तू बोल, मंग मी सोडतो." समोर साहेब बसले होते. मी न बोलता रिसीव्हर ठेवला. म्हटलं, भाऊ थांबतीन. नेहमीच थांबतात.

अडीचले त्याईच्या लेकाचा फोन आला. बाबा अकरालेच गेले, खड्ड्यात उतरल्या-उतरल्या. काच जोडलीच नव्हती. दोन्ही टोकं उघडी पडली होती.

मंग दोनले कोण बोललं, मंडळी?

दुसऱ्या दिवशी काच जुळली. सात रंगांवर लोकं बोलून राहिले. आठव्यावर मी रोज दोनले कान लावतो. आवाज नाही. पण पलीकडं कोणी रिसीव्हर धरून उभं असलं की मले कळते. "ऐकू आलं" म्हणायची हिंमत होत नाही. म्हटलं, की भाऊ सोडतीन. मले ते नको होतं.

काल वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्याईले उन्हात किती उभं ठेवता?"

म्हणून सभा इथं घेतली. दोन वाजले. सगळे उभे राहा. मोबाइल बंद करा, कोणी बोलू नका.

भाऊ, उशीर झाला. माफ करा. ऐकू आलं.

…

ठेवला त्याईनं. वहिनी, बसा आता.