दुपारची लाईट

हाताचं प्लास्टर काढायला राजेश्वरी कराडच्या हाडांच्या दवाखान्यात बसली होती. शेजारी एक रिटायर फौजी आणि त्याची बायको. बायको अगदी हलक्या आवाजात बोलत होती, पण असल्या आवाजालाच कान आधी टवकारतात.

"आवं, रोज पहाटं कुठं जाता?"

"मळ्यात. उसाच्या पाण्याची मोटार चालू कराय."

"या आठवड्यात मोटारीची लाईट दुपारची हाय."

"हाय व्हय? कवा कवा आधीबी येती."

"मग ऊस कोरडा आन तुमचं बनियन तेवढं चिंब कसं?"

"उकडतंय गं."

"पौषाच्या थंडीत? शेजारच्या बनुबाईनं तुमास्नी उंब्रजच्या पुलावर बघितलं. मळा पार उलट्या अंगाला हाय."

"बनुबाईला दुसरा धंदा न्हाई."

"कोण ऱ्हातंय पुलापल्याड?"

राजेश्वरीनं एक्सरेचं पाकीट तोंडासमोर धरलं.

"आगं, हळू! कुणी न्हाई, पोरांची शपथ. पळतोय मी."

"नडगीचं हाड चिरलेलं असताना?"

"सहा महिनं झालं त्याला. जुळलंय आता. घाटातल्या शर्यतीला नाव दिलंय."

"मला का न्हाई सांगितलं?"

"तू बूट लपवून ठेवलं असतंस."

बायकोनं वाकून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला.

"दुखतंय?"

"न्हाई."

"मग डोळ्यांत पाणी का आलं?"

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं.

"उठा, नंबर आला. आन डॉक्टरास्नी ते मोटारीचं सांगू नगा. त्यांचाबी ऊस हाय, आपल्याच लाईटीच्या लाईनवर."