आधी तापणारी पट्टी

दाताच्या दवाखान्यात बाकावर दोघी बहिणी बसल्या होत्या. फ्रीज दुरुस्त करणारा थोरलीचा नवरा आत खुर्चीत होता. समोर गाल धरून बसलेल्या बाईंचा कान मात्र त्यांच्या बोलण्याकडे लागला होता.

"आमच्या दिरांचं नुसतं कौतुक चाललंय. म्हणे फ्रीजला गॅस नको, कॉम्प्रेसर नको, त्यांनी बनवलेली पट्टीच विजेवर गार होते!"

"केलीय खरी त्यांनी, ताई."

"डोंबलाची गार! त्यांनी बटण दाबलं तेव्हा मी स्वतः बोट लावलं. कोमट होती, कोमट! घरभर सांगून टाकलं."

"अगं, ती आधी तापतेच. मी विचारलं ना त्यांना. वीज दिली की तापते. ती उष्णता बाहेर काढून टाकायची. मग वीज काढली की गार पडते, पहिल्यापेक्षाही."

"म्हणजे बिघडलेली नाही?"

"नाही."

"तुला कुणी सांगितलं होतं नसत्या चौकश्या करायला?"

"जिजूंचं दुकान काही उद्या बंद पडत नाही, ताई."

"दुकानाचं नाही गं. लग्न होऊन आले तेव्हापासून सासूबाईंचं एकच. धाकट्याचं डोकं न् थोरल्याचे हात."

"तरी जिजूंना खरं सांग."

"पट्टी तापली ऐकून काल हे किती दिवसांनी पोटभर जेवले, माहितीये? दाढ ठणकत होती, तरी."

दार उघडलं. सुजल्या गालाचा नवरा बाहेर आला.

"कशाबद्दल बोलणं चाललंय?"

"काही नाही हो. भाऊजींची पट्टी कशी तापली, ते हिला सांगत होते."

अर्ध्या तोंडानं का होईना, तो हसला.