कुणीही कुणाचा डबा मागे सरकवला नाही

— नाही, सही करत नाही म्हटलं ना. आणि तो कागद उचला तिथून, खाली पत्र्याचा कीस आहे, चिकटेल. बसा. तिथं नको, ते नरसाळं आत्ताच डाख देऊन ठेवलंय, कपडे जातील तुमचे. या स्टुलावर बसा. आता वाचा पुन्हा. मोठ्यानं वाचा, माझ्या कानात चाळीस वर्षांची ठोकठोक भरलीय — "पाण्याच्या भीषण टंचाईतही आमच्या शेडमध्ये कुणीही कुणाचा डबा मागे सरकवला नाही." व्वा! भीषण! हेडमास्तरांचं वाक्य ना हे? ओळखलं मी. जिवंत आहेत अजून? असणारच. असली माणसं फार टिकतात. आणि हे तुम्ही दगडात कोरून त्या विटांच्या कारखान्याच्या फाटकावर लावणार, खाली आम्हा उरलेल्यांच्या सह्या, मग शाळेच्या पोरांना रांगेनं नेऊन दाखवणार — बघा, तुमचे आजी-आजोबा कैदेत सुद्धा किती चांगले वागले. हसू नको तर काय करू, बाई?

तुम्हाला डब्यांचं ठाऊक आहे का पण? की नुसतंच कोरताय? ऐका मग. लढाई सुरू झाली, आमची आडनावं पलीकडच्या मुलखातली निघाली, म्हणून आम्हाला घरातून उचलून त्या विटांच्या कारखान्यात कोंडलं. गुन्हा काही नाही, आडनाव. आमच्या शेडमध्ये साठ माणसं आणि आवारात एक नळ. त्याला पाणी यायचं सकाळच्या एका शिट्टीपासून दुसऱ्या शिट्टीपर्यंत. उन्हात साठ जण उभे राहिले तर दहा आडवे होणार, म्हणून माणसाच्या जागी डबा. मीच केले ते डबे, तेलाच्या टाकाऊ पिंपांचे, वर तारेची कडी. निम्म्यांना लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या डब्यावर खिळ्यानं टोचून खूण. हेडमास्तरांचा त्रिकोण, वकिलाचे दोन ठिपके, डॉक्टरच्या बायकोनं तर कमळ मागितलं होतं — कमळ! ढेकूण मारून मारून नखं लाल झालेली, आणि डब्यावर कमळ पाहिजे बाईसाहेबांना. माझ्या वहिनीच्या डब्यावर पान. साधं पान, मधे एक शीर.

नियम हेडमास्तरांचे. आजाऱ्यांचे डबे पहिल्या विसांत. दुसऱ्याच्या डब्याला हात लावायचा तो एकाच कामासाठी — पुढे फट पडली तर डबा पुढे सरकवून ती बुजवायची. मागे कधीच नाही. रोज संध्याकाळी भाषण — आपण कैदी असू, पण आपली रांग कैदी नाही. टाळ्या! मी पण वाजवायचो. तेच हेडमास्तर साबणाची वडी उशीच्या अभ्र्यात शिवून ठेवायचे. एकदा टाका उसवला आणि वडी पडली बाहेर, तर म्हणाले, ही सगळ्यांसाठी जपून ठेवली होती. सगळ्यांसाठी! आणि वकील — तो धारेकडे नुसतं बघून सांगायचा, आज पाणी कितव्या डब्यापर्यंत पोचणार. कधी चुकला नाही. आणि सांगून झालं की मागे राहिलेल्यांची जी काय तोंडं उतरायची, ती बघत उभा राहायचा. त्याला तेच आवडायचं. पहारेकरी बरे त्यांच्यापेक्षा. त्यांनी निदान भाषणं केली नाहीत.

चांगलं काहीच नव्हतं का? हे विचारायला पाठवलंय होय तुम्हाला. होतं की. होतं म्हणूनच तर सांगतोय. तुम्ही शहरातले लोक इथं येता आणि विचारता, माणूस मुळात चांगला की वाईट — जसं काही नरसाळं सरळ आहे की वाकडं विचारताय. अहो, माणूस पुढच्याची पाठ बघतो. त्या पाठीवर लिहिलेलं असतं, आज तुझा नंबर लागणार की नाही. बाकी सगळं पोट भरल्यावरचं.

तर एकदा काय झालं. जूनचा महिना, धार करंगळीएवढी. वकील म्हणाला, आज एकेचाळीस. झालं. आणि एक होता आमच्यात, नाव नाही सांगत, त्याचा डबा बेचाळिसावा. बेचाळिसावा! पुढच्या कुणाचाही एक डबा निघाला की झाला हा एकेचाळिसावा. आदल्या दिवशीही त्याला मिळालं नव्हतं, जीभ टाळूला चिकटलेली. मग कुणाचा काढायचा? हेडमास्तरांचा? ते तिथंच उभे. कमळ? ती बाई किंकाळी फोडेल. तेव्हा त्यानं बघितलं, अशा कुणाचा आहे का, की जी आडवी पडलीय, येणार नाही, आणि आली तरी ओरडणार नाही. होता. अठरावा. आपल्या घरातल्याचा डबा सरकवला की चोरी वाटत नाही बरं का, घरातल्या घरात काहीतरी इकडचं तिकडे केल्यासारखं वाटतं. तो वाकला, कडी धरली — ऊन असं की तार रसरसलेली, चर्र झालं बोटाला, हा बघा अजून इथं —

हे? हे डाखाचं आहे. कामात होतं. पत्र्याचं काम करतो मी, शंभर डाग असतील हातावर.

बघताय काय अशा? बरं, असू दे. तुम्ही काय, लिहूनच घेणार. पण पुढचं पण लिहा मग, अर्धं नको. मी तो डबा उचलला आणि सगळ्यांसमोर चालत जाऊन रांगेच्या शेवटी ठेवला. भर उजेडात. तिथं पंधरा-वीस माणसं उभी होती. हेडमास्तर होते. वकील होता. आणि एकानं, एका माणसानं तरी म्हणावं की नाही, अरे काय करतोस? नाही. अठराव्या जागी फट पडली होती. कमळवाली वाकली आणि तिनं आपला डबा पुढे सरकवला. मग तिच्या मागचा. मग त्याच्या मागचा. हेडमास्तर सुद्धा वाकले, बाई — धोतर सावरून वाकले आणि त्रिकोण एक वीत पुढे घेतला. नियमच होता ना, फट बुजवायची! एक डबा मागे गेला, बेचाळीस पुढे गेले. कुणी काही मोडलंच नाही. म्हणून तर ते वाक्य त्यांनी बिनदिक्कत लिहिलं.

वहिनीचा ना? हो, वहिनीचा डबा. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो, तिनंच वाढवलं मला. तीन दिवस ताप होता तिला. पाणी मिळालं की अर्धं तिला द्यायचं, हे ठरवूनच केलं होतं मी, शपथेवर सांगतो. पण नळापासून शेडच्या पायरीपर्यंत येईतो डब्यात बोटभर उरलं. कसं संपलं, मला विचारू नका. ती म्हणाली, माझा नंबर नाही लागला का रे? मी म्हटलं, वकिलाचा अंदाज चुकला आज. ती म्हणाली, असू दे. त्या रात्रीपासून दोन दिवस तिनं कुणाला ओळखलं नाही.

वाचली. वाचली, म्हणून तर! मुलीकडे असते, सहा तासांवर. वर्षातून एकदा जातो. पाणी पुढे करते, मी म्हणतो तहान नाही. चाळीस वर्षं तहान नाही मला त्या घरात. तिला काही ठाऊक नाही. तिची खाट खिडकीशी होती खरी, पण खिडकीला जाड कागद चिकटवलेला, त्यातून नळ दिसणं शक्य नव्हतं. हेडमास्तर बोलणार नाहीत, ते स्वतःच वाकलेले. म्हणजे उरलो मी. आणि मी त्या वाक्याखाली सही करू? हेडमास्तरांनी मारलेली थाप माझ्या हातानं पक्की करू? दुसरा बघा कुणीतरी.

सह्या किती झाल्यात म्हणता? नऊ? दाखवा बघू कोणकोणते शूर आहेत. त्रिकोण — अहाहा, खूणच काढलीय, हौस तर बघा. वकिलाचा मुलगा. ही डॉक्टरीण. आणि ही अगदी वरची, सगळ्यांत पहिली —

हे पान कुणी काढलं?

तुम्ही गेला होतात तिच्याकडे? कधी? गेल्या रविवारी. आणि वाचून दाखवलंत? सगळं? "कुणीही कुणाचा" सुद्धा? दोनदा वाचायला लावलं? मग... मग काय म्हणाली?

...

नखानं फाडला होता म्हणाली. वाऱ्यासाठी. खिडकीचा कागद.

एवढा? मग दिसतच असेल नळ. सगळं आवारच दिसत असेल.

जा तुम्ही. नाही, सही नाही. कागद घेऊन जा — राहू दे, ठेवा तिथंच, किसावर ठेवा. जा म्हटलं ना, बाई. दुकान बंद आहे.