शालूवहिनींनी घासलेले रुपये

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. शालूवहिनी, तुम्हालाही.

मोरेश्वर गेला. दुकानात गल्ल्यावर बसल्याबसल्या, सांगितलेला चहा यायच्या आत. आणि त्याचा मित्र म्हणून मला बोलायला उभं केलंय. मी बोलण्यात पटाईत, असा लाखांदूरचा समज आहे. कोणाची टोपी उडवायची असली की असतोही. पण आज दातांचा डॉक्टर भूल देतो ना, तसं झालंय. गाल आपलाच, पण आपला वाटत नाही. मला रडूही आलेलं नाही. स्मशानात नाही, घरी नाही. सांभाळून घ्या.

माझ्याआधी तिघे बोलले. तिघेही म्हणाले, मोरेश्वर म्हणजे खणखणीत नाणं. बरं झालं, तो ऐकायला नाही. कापड फाडता फाडता तो आयुष्यभर हेच सांगत आला, "खणखण तं नकलीही करते, बावा. आधी वजन कर. मग कडेवरच्या रेघा पाय. मग भिंगातून साल पाय." राणीछाप, राजाछाप चांदीच्या रुपयांचं त्याला वेड. सानगडीच्या बाजारात, सोनाराच्या मोडीत, जिथे मिळेल तिथे शोधायचा. आणि त्याचा एकच धर्म होता. रुपया घासायचा नाही. "काळा पडला तं पडू दे. ते त्याचं वय होय. घासला का मेला." दिवाळीत घरातले देव घासले जायचे, समया घासल्या जायच्या. रुपयांच्या पेटीला मात्र वहिनींनी हात लावायचा नाही.

परवा वहिनींनी ती पेटी उघडली. आज फोटोसमोर त्याचे रुपये ठेवायचे म्हणून. आणि घासले. चिंचेनं घासले, राखेनं घासले, मऊ धोतरानं पुसले. ते पाहा, ताटात. फोटोतल्या मोरेश्वरपेक्षा जास्त चमकून राहिले.

मी घरी गेलो तर म्हणाल्या, "भाऊजी, किती काळे पडले होते. लोकं म्हणतील, घरवालीनं कधी हात नाही लावला. आता बरे दिसतात ना?"

मी म्हणालो, "छान दिसतात."

तेवढ्यावर भागलं असतं. पण काल त्याचे एक संग्राहक मित्र भेटायला आले. बाहेरगावचे, अभ्यासू. ताट पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो, वाटोळं केलं तुम्ही! सगळा संग्रह मातीत घातला!" नवरा गेलेल्या बाईच्या दारात उभं राहून! रुपया ओळखता येतो काही जणांना, वेळ ओळखता येत नाही. ते मागे बसले आहेत. बसा, बसा, उठू नका.

कालपासून वहिनींनी अन्नाला हात लावलेला नाही. एकच म्हणतात, "यायनं जन्मभर जपलं, अन् मी एका दुपारी घालवलं."

म्हणून मी उभा आहे. मोरेश्वरचे गुण सांगायला नाही. ते तुम्हाला माहीत आहेत, आणि अवगुण त्याहून जास्त माहीत आहेत. मला वहिनींना एक गोष्ट सांगायची आहे. चारचौघांत सांगायची आहे, कारण बोलही चारचौघांत लागला.

वहिनी, त्याचा तो लाडका रुपया आठवतो? दुर्मिळ सालाचा? दर चहाला खिशातून निघायचा. "असा रुपया जिल्ह्यात नाही गा!" वजन बरोबर, आवाज बरोबर, कडा बरोबर. आज सकाळी मी तो ताटातून उचलला. सगळा रुपया चमकत होता. सालाचा शेवटचा आकडा चमकत नव्हता. बाकी चांदी पांढरी, आणि तेवढा आकडा मळकट, शिशासारखा. भिंग लावलं. आकडा डाख देऊन, झाळून बसवलेला. रुपया खरा, साल बनावट! साध्या रुपयावर कोणीतरी दुर्मिळ साल चढवलं आणि सांधा लपवायला वरून काळं केलं. आणि आमचा पारखी ते काळं म्हणजे वय समजून जपत बसला. भिंगातून पाहिलं नसेल का? रोज पाहिलं. पण काळ्यावर काळं काय दिसणार? आणि घासायचं तर नाही!

त्याला जन्मात जे दिसलं नाही, ते तुमच्या चिंचेनं दाखवलं, वहिनी.

बाकीच्या रुपयांची किंमत उतरली का? उतरली. त्याच्या फोटोसमोर मी खोटं बोलणार नाही. तो असता तर आधी तुमच्यावर ओरडला असता. मग भिंग घेऊन बसला असता. आणि मग अख्ख्या बाजारात सांगत फिरला असता, "माह्या बायकोनं पकडला बे! माह्या बायकोनं!" फिरला असता की नाही? तुम्हीच सांगा.

सकाळी मला फार आनंद झाला होता. त्याला हरवायची संधी मला कधी मिळालीच नव्हती. एका हातात रुपया, एका हातात भिंग, मी तसाच उठलो. मधल्या खोलीच्या दारातूनच ओरडलो, "मोऱ्या, फसला बे तू!"

त्याची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती.

तेव्हा मला कळलं, तो गेला.

आता सगळे उभे राहू या. काही म्हणायचं नाही, नुसतं उभं राहायचं. वहिनी, तुम्ही बसूनच राहा. कालपासून पोटात काही नाही. ही शांतता संपली की आधी तुमचं पान वाढतील. मग बाकी सगळं.